पिवळ्या पिनेने केलेली बदनामी

१. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोके खाली आले. आत प्लेस्टेशन २, दोन कंट्रोलर, क्रिकेटच्या गेमची एक डिस्क आणि रबरबँडने बांधलेली पिवळी-पांढरी-लाल केबल. माझ्या १३ वर्षांच्या भाच्याने ते सारे बैठकीच्या खोलीतील ४३ इंची टीव्हीला जोडले, दहा मिनिटे खेळला आणि म्हणाला, “मामा, तुमच्या वेळी गेम एवढे घाण दिसायचे?” चित्र खरोखरच धुरकट होते. धावफलकावरचे ३ आणि ८ सारखेच दिसत होते, लाल जर्सीचा रंग कडेने ओघळून हिरवळीवर सांडला होता. त्याने काढलेला निष्कर्ष स्वाभाविक होता, पण तो चुकीचा होता. आजचा धागा त्या निष्कर्षाविरुद्ध आहे.

२. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपल्याला एक सवय लागलेली असते. समोर कागद आला की तो अस्सल आहे की नक्कल, नक्कल असेल तर ती कोणी व केव्हा केली, नकलनवीस कोठे अडखळला, हे आपण आधी विचारतो. मजकुराबद्दल मत त्यानंतर बनवतो. जुन्या गेमचे टीव्हीवर दिसणारे चित्र हीसुद्धा एक नक्कल आहे. मूळ चित्र कन्सोलच्या पोटात तयार होते आणि पडद्यापर्यंत ते केबल नावाचा नकलनवीस आणून देतो. म्हणून माझे मत असे की, जुने कन्सोल नव्या एचडी टीव्हीला जोडताना केबलची निवड हा आधी साधनचिकित्सेचा प्रश्न आहे, खरेदीचा प्रश्न नंतर.

३. या पिवळ्या पिनेची वंशावळ गेमपेक्षा बरीच जुनी आहे. १९३८ मध्ये जॉर्ज वालेन्सी या फ्रेंच अभियंत्याने रंगीत दूरचित्रवाणीसाठी एक पेटंट मागितले. कल्पना साधी होती. चित्रातील उजेडाची माहिती वेगळी काढायची आणि रंगाची माहिती वेगळी. कृष्णधवल संच फक्त उजेड वाचेल, रंगीत संच दोन्ही वाचेल. एकच प्रक्षेपण दोघांनाही चालेल. पुढील अर्ध्या शतकातील प्रत्येक केबल ही या एका विभागणीशी कोणी किती प्रामाणिक राहिले, याची कथा आहे.

४. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेने एनटीएससी ही रंगीत पद्धत मंजूर केली. अडचण अशी होती की प्रत्येक वाहिनीला ६ मेगाहर्ट्‌झची जागा आधीच आखून दिलेली होती आणि रंगासाठी नवी जागा मिळणार नव्हती. तेव्हा रंगाची माहिती सुमारे ३.५८ मेगाहर्ट्‌झच्या लहरीवर चढवून उजेडाच्याच माहितीत मिसळण्यात आली. जर्मनीतील टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी विकसित केलेल्या पाल पद्धतीत हीच लहर ४.४३ मेगाहर्ट्‌झची. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी आपल्याकडे रंग आला, तो याच पाल पद्धतीने.

५. ही तडजोड अप्रतिम होती, हे आधी मान्य केले पाहिजे. तिच्यामुळे घरोघरचे कृष्णधवल संच एका रात्रीत भंगारात गेले नाहीत. पण तडजोडीची किंमत होती. एकाच कागदावर, ओळीवर ओळ, दोन शायांनी लिहिलेले पत्र डोळ्यांसमोर आणा. वाचणाऱ्याला दोन्ही मजकूर सुटे करावे लागतात आणि ते पूर्णपणे कधीच सुटे होत नाहीत. बारीक उभ्या रेघांना टीव्ही रंग समजतो, रंगाच्या कडांना ठिपके समजतो. या मिश्र सिग्नलचे नाव कंपोझिट. आपली पिवळी पिन वाहून नेते ती हाच सिग्नल.

६. गेम या कथेत १९७२ मध्ये येतो. मॅग्नावॉक्स ऑडिसी हे पहिले घरगुती कन्सोल बाजारात आले, तेव्हा घरच्या टीव्हीला आत शिरण्याची वाट एकच होती, अँटेनाची. म्हणून कन्सोलने छोट्या प्रक्षेपण केंद्राचे सोंग घेतले आणि टीव्ही एखाद्या वाहिनीवर लावून गेम पाहावा लागला. जुलै १९८३ मध्ये जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिली कॉम्प्युटरलाही हाच मार्ग होता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे त्याच्या नकला घरोघर आल्या. टीव्हीच्या मागे अँटेनाची वायर काढून गेमची वायर लावणे आणि चित्र स्थिर होईपर्यंत ट्यूनिंगचे बटण फिरवत बसणे ज्यांनी केले, त्यांना हे सांगायला नको. या मार्गात आधी उजेड व रंग मिसळले जात, मग त्यांत आवाज मिसळला जाई आणि ते सारे पुन्हा वाहिनीच्या लहरीवर चढे. ही नकलेची नक्कल होती.

७. या पार्श्वभूमीवर पिवळी पिन आली तेव्हा ती प्रगतीच होती. प्रक्षेपणाचे सोंग गळाले, आवाजाला पांढरी आणि लाल पिन मिळाली. १४ किंवा २१ इंची काचेच्या नळीच्या टीव्हीवर, आठ-दहा फुटांवरून पाहताना तिचे दोष झाकलेही जात. म्हणजे माझ्या पिढीला गेम ‘घाण’ दिसत नव्हते, हे खरेच आहे. दोष तेव्हाही होते. ४३ इंची सपाट पडद्याने ते मोठे करून दाखवले, इतकेच.

८. यानंतरची पायरी १९८७ ची. जेव्हीसीच्या एस-व्हीएचएस यंत्रांबरोबर एस-व्हिडिओ ही केबल पुढे आली. गोल टोक, चार पिना आणि उजेड व रंग यांना स्वतंत्र तारा. वालेन्सीची विभागणी अखेर केबलमध्ये टिकली. १९९० च्या सुपर फॅमिकॉमने हा सिग्नल देऊ केला. रंगाचे ओघळणे बरेचसे थांबले.

९. पण खरा पुरावा फ्रान्समध्ये सापडतो. तेथील टीव्ही उत्पादकांच्या संघटनेने स्कार्ट नावाचे २१ पिनांचे सॉकेट तयार केले आणि १९८० पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या टीव्हींना ते सक्तीचे झाले. त्यातून लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांनी जाऊ शकत. सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये (१९८८) आणि सुपर फॅमिकॉममध्ये चित्र मुळात याच तीन रंगांत तयार होते. नंतर एक चिप ते मिसळून कंपोझिट बनवते. आणि या दोन्ही यंत्रांच्या मागील सॉकेटात न मिसळलेल्या मूळ रंगांच्या पिनाही आहेत. अस्सल कागद दप्तरात पहिल्या दिवसापासून होता. आपण केवळ त्याची वाईट नक्कल मागत राहिलो.

१०. येथे एक सावधगिरीचा इशारा. जपानातही अगदी असेच दिसणारे २१ पिनांचे सॉकेट वापरात होते, पण त्यातील पिनांची मांडणी युरोपच्या स्कार्टपेक्षा वेगळी आहे. जुन्या बाजारातून केबल घेताना ती कोणत्या मांडणीची आहे हे विचारल्याशिवाय जोडू नका. चुकीच्या पिनेवर चुकीचा दाब गेल्यास यंत्राचे नुकसान होऊ शकते. दोन लिप्यांची अक्षरे सारखी दिसली म्हणून भाषा एक होत नाही.

११. आपल्याकडे स्कार्ट रुजले नाही. आपल्या वाट्याला आली ती डीव्हीडीच्या काळातील कंपोनन्ट केबल. हिरव्या पिनेतून उजेड, निळ्या आणि लाल पिनेतून रंगांचे दोन फरक. पुन्हा वालेन्सीच, पण या वेळी काहीही न मिसळता. प्लेस्टेशन २ (२०००), पहिले एक्सबॉक्स (२००१) आणि वी (२००६) या सर्वांना ती जोडता येते. गोंधळ एवढाच होतो की या जुडग्यात दोन लाल पिना असतात, एक चित्राची आणि एक आवाजाची. पुष्कळ टीव्हींवर हिरवे आणि पिवळे सॉकेट एकच असते. चित्र कृष्णधवल दिसले तर कन्सोल बिघडले असे समजण्याआधी हे दोन मुद्दे तपासावेत.

१२. आता या इतिहासातील सर्वांत विचित्र प्रकरण. नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आले. १०८० ओळींचे चित्र, एचडीएमआय सॉकेट, सारे काही. पेटीत केबल कोणती? पिवळी-पांढरी-लाल. वर्षभर आधी आलेल्या एक्सबॉक्स ३६० च्या महाग संचात कंपोनन्ट केबल होती, पण स्वस्त संचात पिवळीच. परिणामी, मोठ्या हौसेने एचडी टीव्ही आणि एचडी कन्सोल घेऊन कित्येकांनी जुन्याच दर्जाचे चित्र पाहिले. त्याच वर्षीच्या ‘डेड रायझिंग’ या गेममधील बारीक अक्षरे साध्या टीव्हीवर वाचता येत नाहीत, अशी तक्रार झाली होती. गेम मोठ्या पडद्यासाठी लिहिला गेला, पण पुष्कळांच्या घरात तो अरुंद दारातून शिरला.

१३. दुसरे प्रकरण गेमक्यूबचे (२००१). त्याच्या मागे एक डिजिटल सॉकेट होते आणि कंपोनन्ट केबल जोडायची तर सिग्नलचे रूपांतर करणारी चिप केबलच्याच टोकात बसवलेली होती. साध्या तारेने ते काम होणारच नव्हते. ही केबल फार थोड्यांनी घेतली आणि २००४ च्या सुधारित आवृत्तीतून निन्टेन्डोने ते सॉकेटच काढून टाकले. पुढे तीच केबल संग्राहकांच्या बाजारात कन्सोलपेक्षाही महाग झाली. ज्या वस्तूला सारे ‘जोडीची वायर’ म्हणून फेकून देतात, ती कधीकधी दप्तराची एकमेव किल्ली असते.

१४. मग कंपोनन्टसारखी चांगली वाट बंद का झाली? केवळ एचडीएमआय अधिक चांगले म्हणून, हे उत्तर अर्धे आहे. डिसेंबर २००२ मध्ये सात कंपन्यांनी एचडीएमआयचा पहिला आराखडा जाहीर केला. चित्र व आवाज एकाच केबलमधून, आकड्यांच्या रूपात. त्याच्या जोडीला इंटेलने विकसित केलेले एचडीसीपी नावाचे कुलूप होते, ज्यामुळे वाटेत चित्राची नक्कल करता येऊ नये. चित्रपटगृहांच्या मालकांपेक्षा चित्रपट बनवणाऱ्यांना ही चिंता अधिक होती. ब्लू-रेच्या परवान्यातील अटींनी २०११ पासून बनणाऱ्या प्लेअरना अ‍ॅनालॉग मार्गाने चित्रपटाचे उच्च दर्जाचे चित्र देण्यास मज्जाव केला. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ ला चित्रासाठी केवळ एचडीएमआयच होते. दारे तंत्राने बदलतात, तशी मालकी हक्कानेही बदलतात.

१५. आता एचडीएमआयबद्दल बाजारात पसरलेली एक बखर. सोन्याचा मुलामा, जाड वेणी, चौपट किंमत आणि ‘रंग अधिक खुलतात’ असा दावा. हे निराधार आहे. केबलमधून आकडे जातात. ते नीट पोहोचले तर चित्र स्वस्त आणि महाग केबलमध्ये तंतोतंत सारखे. नीट पोहोचले नाहीत तर पडद्यावर चमकणारे ठिपके येतात किंवा चित्र मधूनमधून काळे होते. ‘थोडे फिके’ अशी मधली अवस्था नसते. विचारायचे ते एकच, की केबल किती माहिती पेलते. सेकंदाला ६० चित्रांच्या १०८० ओळींसाठी सुमारे ४.५ गिगाबिट लागतात, त्याला ‘हाय स्पीड’ गटाची केबल पुरते. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा हवे तर १८ गिगाबिट, म्हणजे ‘प्रीमियम हाय स्पीड’. २०२० च्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सवर ४के चित्र सेकंदाला १२० वेळा हवे असेल तर ४८ गिगाबिटपर्यंत पेलणारी ‘अल्ट्रा हाय स्पीड’. ती या कन्सोलच्या पेटीतच मिळते. लांबी वाढली की अडचण वाढते, म्हणून गरजेपेक्षा लांब केबल घेऊ नये.

१६. दुसरी बखर ‘एव्ही टू एचडीएमआय’ डबीची. पिवळी पिन आत, एचडीएमआय बाहेर. लोकांना वाटते की आता जुने कन्सोल एचडी झाले. वस्तुस्थिती अशी की, मिसळलेल्या दोन शाया ही डबी पुरत्या सुट्या करू शकत नाही. ती खराब नकलेची फक्त सुबक छपाई करते. शिवाय मेगा ड्राइव्हच्या पिढीतील कन्सोल २४० ओळींचे चित्र सलग पाठवतात. अनेक एचडी टीव्ही त्याला ४८० ओळींचे आड-एक ओळींचे चित्र समजून उगाच ‘दुरुस्त’ करू पाहतात. त्यात कडा फुटतात आणि बटण दाबल्यापासून कृती दिसेपर्यंत विलंब होतो. या यंत्रांसाठी तीन रंगांचा मूळ सिग्नल घेऊन प्रत्येक ओळ नेमकी दुप्पट-तिप्पट करणारी यंत्रे मिळतात. ओएसएससी हे त्यांतील एक, आणि त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला आहे.

१७. माझ्या मताविरुद्ध एक भक्कम युक्तिवाद आहे आणि तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. १९९१ च्या ‘सोनिक द हेजहॉग’मधील धबधबा पाहा. तो पारदर्शक नाही, एक-एक टिंब सोडून काढलेल्या उभ्या रेघांचा आहे. कंपोझिटच्या धूसरपणात त्या रेघा एकमेकींत विरघळतात आणि पाण्याआडचे दृश्य दिसल्याचा भास होतो. तीन रंगांच्या स्वच्छ केबलवर मात्र रेघांचा पडदा दिसतो. मग अस्सल कोणते? कलाकाराने रेखाटलेले, की मुलांनी पाहिलेले? आणखी एक गोष्ट, फॅमिली कॉम्प्युटरची चित्र बनवणारी चिप मुळातच कंपोझिट सिग्नल तयार करते. तिच्या पोटात तीन रंगांचा वेगळा कागद नाहीच. तेथे पिवळी पिन हेच अस्सल साधन.

१८. या युक्तिवादाने माझे मत बदलत नाही, अधिक नेमके होते. ‘नेहमी सर्वांत स्वच्छ केबल’ हा नियम नव्हे. ‘यंत्र मुळात जे बोलते ते ऐकवणारी केबल’ हा नियम. आणि जेथे दोन्ही उपलब्ध आहेत तेथे मूळ रंग आधी निवडावेत, कारण यातील वाट एकाच दिशेची आहे. स्वच्छ चित्रावरून कंपोझिटचा धूसरपणा आजही फिल्टर लावून जवळपास उभा करता येतो. धूसर चित्रावरून मूळ परत मिळवता येत नाही. अस्सलावरून नक्कल होते, नकलेवरून अस्सल होत नाही. सोनिकचा धबधबा पिवळ्या पिनेतून जरूर पाहावा, पण आपण काय पाहत आहोत हे माहीत असताना पाहावा.

१९. थोडक्यात, हाताशी ठेवण्यासाठी:
फॅमिली कॉम्प्युटर व त्याच्या नकला: पिवळी पिन असेल तर तीच, अँटेनाची वाट शेवटचा उपाय.
मेगा ड्राइव्ह, सुपर फॅमिकॉम, पहिले प्लेस्टेशन: तीन रंगांची केबल आणि ओळी वाढवणारे यंत्र.
प्लेस्टेशन २, पहिले एक्सबॉक्स, वी: कंपोनन्ट.
एक्सबॉक्स ३६०: मागे एचडीएमआय सॉकेट असेल तर ते (२००७ पासून ते येऊ लागले), नसेल तर कंपोनन्ट.
प्लेस्टेशन ३ आणि पुढील सर्व: योग्य गटाची साधी एचडीएमआय.
आणि मूळ पेटीतली पिवळी केबल टाकू नका. तीही साक्षीदार आहे.

२०. भाच्याकडे परत येतो. आमच्या टीव्हीच्या मागे हिरवी-निळी-लाल सॉकेटे होती. प्लेस्टेशन २ ची कंपोनन्ट केबल मिळवली. एक काळजी घेतली. पिवळी केबल असतानाच कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘कंपोनन्ट व्हिडिओ आउट’ हा पर्याय आरजीबीवरून वाय-सीबी-सीआरवर नेला. ते राहिले असते तर चित्र हिरवेगार आले असते. मग केबल बदलली. तोच गेम, तीच डिस्क, तोच पडदा. खेळाडूंच्या कडा दातेरी होत्या, प्रेक्षक पुठ्ठ्याचे होते, पण लाल रंग जर्सीच्या आत होता आणि ३ हा ३ होता. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे हे आधीपासून असंच होतं?”

२१. तो प्रश्न मला फार मोलाचा वाटला. एका पिढीच्या कामाबद्दल त्याने मत बनवले होते आणि त्या मताचा पाया एका वायरीवर होता. आपणही किती काळांबद्दल, किती माणसांबद्दल अशी मते बाळगून असतो, ज्यांत मूळ कागद आपण पाहिलेलाच नसतो. या दिवाळीत माळा झाडाल तेव्हा कन्सोल सापडले तर ते भंगारवाल्याच्या तराजूत घालण्याआधी मागे वळवून पाहा. सॉकेटे मोजा. त्या यंत्राला आणखी काही सांगायचे असेल. धागा समाप्त.